दंडातला उंदीर

हात कोपरात दुमडा. मूठ आवळा. दंडावर जो गोळा टरारून वर येतो, ती बेटकुळी. बेटकुळी म्हणजे छोटी बेडकी. शाळेत कोणाची बेटकुळी मोठी यावर पैजा लागायच्या, आणि कातडीखाली खरंच काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं.

रोमन लोकांनाही तसंच वाटलं असावं. फक्त त्यांना तिथे उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे चिमुकला उंदीर. इंग्रजीतला 'मसल' तो हाच. संस्कृतातला मूषक या 'मूस'चा भाऊबंद. म्हणजे गणपतीचं वाहन आणि जिममधले मसल एकाच कुळातले!

ग्रीकांनी तर उंदराला आणि स्नायूला एकच शब्द ठेवला. त्यातून निघालेला 'मायो' आजही डॉक्टरी भाषेत आहे. हृदयविकाराच्या रिपोर्टवर 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', म्हणजे हृदयाच्या स्नायूला झालेली इजा, असं लिहिलेलं असतं. घरच्यांचा जीव पुढच्या शब्दात अडकलेला. तिथे उंदीर आहे हे कोणाच्या ध्यानीमनी?

मुस्कुलुस लढाईवरही गेला. इ.स.पू. 49. सीझरच्या फौजेचा मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, वेढा पडलेला. सैनिकांनी जाड तुळयांची 60 फूट लांब पडवी उभारली. छपरावर विटा आणि माती, म्हणजे आग लागायला नको. वरून पाणी सोडून विटा विरघळवू नयेत म्हणून त्यावर कातडी. ही पडवी ओंडक्यांवरून ढकलत थेट बुरुजाला भिडवली. वरून धोंडे पडले, पेटत्या डांबराची पिंपं पडली. आतले सैनिक पहारींनी पायाचे दगड उपसत राहिले. शेवटी बुरुज ढासळला. त्या पडवीचं नाव: मुस्कुलुस.

कोकणात आवडीने खातात त्या शिनाण्यांचं, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांचं, इंग्रजी नावही याच शब्दाचं. उच्चार तोच, स्पेलिंग मात्र वेगळं काढलं.

पुढे विसाव्या शतकातल्या अमेरिकेत गुंडांच्या टोळीतला दांडगा माणूस 'मसल' झाला. मग दणकट इंजिनाची मसल कार आली. उंदीर तोवर पार विस्मरणात गेला होता.

एका जागी मात्र तो शाबूत आहे. 1758 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने घरातल्या उंदराला शास्त्रीय नाव दिलं, मूस मुस्कुलुस. उंदीर, छोटा उंदीर.