पाचातले तीन बोलले की पुरे

(दृश्य: मंगळवार पेठेतली गच्ची, पहाट)

पाण्याच्या टाकीशेजारी, वायरवर वीट ठेवून जागेला दाबलेला हा काडेपेटीएवढा यूएसबी डोंगल. मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघालेला. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्याला हवेत कुठली फ्रिक्वेन्सी रिकामी आहे हे ऐकायला बसवलंय.

(लॅपटॉपचा पडदा, जवळून)

निळ्यावर उभा पिवळा पट्टा दिसतोय, तिथे कुणाचं तरी प्रक्षेपण चालू आहे. बाजूचं निळं सगळं मोकळं. परवानाधारकाला धक्का न लावता ती जागा वापरायची आणि तो आला की तत्काळ सोडायची, हे कॉग्निटिव्ह रेडिओचं काम. रेडिओ अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९९च्या सुमारास हा शब्द रूढ केला. मुलं इथे फक्त ऐकतायत. परवान्याशिवाय या फ्रिक्वेन्सींवर प्रक्षेपण करता येत नाही.

(मुलगी डोंगल घेऊन जिना उतरते, बोळात येते)

आता पडदा बघा. पिवळा पट्टा गेला! प्रक्षेपण बंद झालेलं नाही, मध्ये फक्त दोन भिंती आल्या. हा रेडिओ मात्र बेधडक सांगणार, जागा मोकळी आहे. घात होतो तो इथेच.

म्हणून एकाच्या कानावर भिस्त ठेवायची नाही. एक गच्चीवर, एक बोळात, एक पंचगंगेच्या घाटावर, दोन उसाच्या बांधावर. कुणीही एकानं 'आहे' म्हटलं की माघार, असं ठरवता येतं. पण प्रत्येक जण दहात एकदा उगाच दचकत असेल, तर पाच जण मिळून शंभरात ४१ वेळा रिकामी जागा सोडून देतील. त्यापेक्षा बहुमत बरं. प्रत्येक जण दहात नऊ वेळा बरोबर असेल, तर तिघांच्या शब्दावर घेतलेला निर्णय शंभरात ९९ वेळा बरोबर येतो. मात्र पाचही जण एकाच भिंतीआड नकोत, नाहीतर पाचांची चूकही एकच.

(बोट डोंगलला लागतं, झटकन मागे येतं)

चांगलाच तापलाय. बॅटरी अशी उष्णतेत जाते. म्हणून क्षणभर ऐकायचं आणि झोपायचं. ऐकलेलं सगळं पाठवत बसायचं नाही, 'आहे' किंवा 'नाही' एवढंच ८६५ मेगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या खुल्या फ्रिक्वेन्सींवरून कळवायचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही: एकामागून एक कळवताना तिघांचं एकमत झालं, की उरलेल्यांनी तोंडच उघडायचं नाही. निकाल आता बदलणार नाही, मग बॅटरी कशाला जाळायची?

(राजाराम बंधारा, पाण्याची पट्टी)

इथे पंचगंगेच्या पाण्याला ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. पुराच्या रात्री अशी पातळी कळवणाऱ्या यंत्रालाही मोकळी वाट आणि टिकणारी बॅटरी लागते.

(पुन्हा गच्ची, पाच दिव्यांची पट्टी)

गच्ची, आहे. बोळ, नाही. घाट, आहे. पहिला बांध, आहे.

पाचवा दिवा लागत नाही.