पोस्टकार्डातली वंशावळ

श्रोतेहो, नमस्कार. सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वकिली केली, त्यांच्या घरी खटल्यांच्या कागदांशेजारी घरची पत्रंही फितीत बांधलेली सापडतात. ती हाती आली की घराण्याची वंशावळ काढायची घाई होते. जरूर काढा, पण फीत सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो घ्या आणि प्रत्येक पत्राच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. तारीख नसलेल्या पत्राचा काळ बरेचदा शेजारच्या पत्रावरून ठरतो. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका; त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. काजळीच्या शाईच्या मोडी पत्राला पाणी लागू देऊ नका. आणि हे काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर करा.

आता तारीख. आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ साली आलं, म्हणजे कार्ड त्याआधीचं असू शकत नाही. कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, एक टाकल्या गावचा, एक पोचल्या गावचा. दोन्ही भिंगाखाली वाचा. टपालाच्या आधीच्या मोडी कागदांवर सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली जुनी कालगणना, येतो, तोही अरबी अंकनामांत. ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६०. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. हा कागद १७५९-६० सालचा. फसली सन, म्हणजे महसुलाची वेगळी कालगणना, समजून इथे ५९० मिळवले, तर नऊ वर्षांची चूक होते आणि मुलगा बापाआधी जन्मतो!

सगळ्यात बोलका असतो मायना, आणि तोच लोक वगळून वाचतात. ‘तीर्थरूप’ सहसा आई-वडिलांना, ‘तीर्थस्वरूप’ काका-मामांसारख्या वडीलधाऱ्यांना, ‘चिरंजीव’ धाकट्याला. एका पत्रात एखादी बाई ‘सौभाग्यवती’ आहे आणि पुढच्या पत्रात ‘गंगाभागीरथी’, तर तिच्या नवऱ्याचा मृत्यू या दोन पत्रांच्या मध्ये झाला. मृत्यूची दुसरी नोंद नसेल, तरी ही असते.

घोटाळे ठरलेले आहेत. नातवाला आजोबांचं नाव असतं, त्यामुळे दोन माणसं एक होऊन जातात. बायकांचं नाव लग्नात बदलतं. दत्तक गेलेला मुलगा वडिलांचं नाव बदलून दुसऱ्या शाखेत दिसतो. म्हणून वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे पत्राचा क्रमांक लिहा. क्रमांक नसेल, तर ते नाव पेन्सिलीनेच राहू द्या.

पत्रांना कायद्याचंही पाठबळ आहे. नात्याची माहिती असलेल्या मृत व्यक्तीने वाद उद्भवण्यापूर्वी केलेलं विधान न्यायालयात ग्राह्य धरता येतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ३२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २६ मध्ये आलं. लोणच्याचा बरणीभर हिशेब कळवताना सहज लिहिलेलं ‘धाकट्या वन्सं’ हे दोन शब्द, वाटणीच्या दाव्यासाठी नंतर तयार केलेल्या वंशावळीपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात.

कुलचिन्हांबद्दल मात्र सावध राहा. आडनावावरून ढाल-तलवारीचं चिन्ह विकत मिळतं, ते घेऊ नका. इंग्लंडात १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स ही कुलचिन्हं देणारी संस्था आहे, आणि तिथेही चिन्ह आडनावाला मिळत नाही. व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. आपल्या संस्थानिकांना त्या पद्धतीची चिन्हं मिळाली ती १८७७ च्या दिल्ली दरबारातल्या निशाणांवर, रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने रेखाटलेली. आपली जुनी रीत मुद्रेची, म्हणजे कागदावरच्या शिक्क्याची. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असा आधी छत्रपतींचा उल्लेख, मग पदधारकाचं नाव. ही मुद्रा पदाची असते, म्हणून तिला घराण्याचं चिन्ह म्हणू नये. पण त्या पदावर कोण होतं, हे ती नेमकं सांगते.

इनाम असलेल्या घरांनी आणखी एक जागा पाहावी. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करताना घराण्यांनी कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, दिली, त्यांत वंशावळी आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करताना गावाचं आणि परगण्याचं नाव जुन्या कागदात जसं आहे तसंच लिहा.