पिळलेला प्रकाश आणि इलेक्ट्रॉनची फिरकी

(दृश्य: कॅमेऱ्यात लेसरचे कडे)
कड्याच्या मधोमध प्रकाश शून्य आहे. लेसरची तरंगआघाडी, म्हणजे लाटेचे पुढचे तोंड, मळसूत्रासारखी पिळली, की अक्षावर सगळ्या फेज (लाटेच्या चढ-उतारातल्या अवस्था) एकमेकींना खोडून काढतात. 1992 साली लेस ॲलन आणि लायडेनच्या गटाने दाखवले, की अशा शलाकेतला प्रत्येक फोटॉन कक्षीय कोनीय संवेग (अक्षाभोवती गोल फिरण्याचा जोर) वाहतो: पिळाची संख्या गुणिले एच-बार (2π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक).

(दृश्य: सर्पिल तबकडी, अगदी जवळून)
पीळ देते ही तबकडी. काच गोलाकार जाड होत जाते आणि एका रेषेवर पायरी पडते. एका पिळासाठी, 800 नॅनोमीटरला, क्वार्ट्झ काचेतली ही पायरी सुमारे 1.8 मायक्रोमीटर. तरंगलांबी सरकली की कड्याला खाच पडते. केंद्र चुकले की एक बाजू उजळ, दुसरी फिकी. आधी स्क्रू फिरवून कडे एकसारखे करायचे, मग तिरक्या धरलेल्या भिंगातून काळे पट्टे मोजायचे. पट्टे दोन, तर पीळ दोन.

(दृश्य: होल्डरवर गॅलियम आर्सेनाइडचा तुकडा)
वर्तुळाकार ध्रुवण म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा गोल फिरत राहणे. ही फिरकी या अर्धवाहक स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला, त्याच्या स्वतःच्या फिरकीला (स्पिन), सहज लागते. बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) 1.42 इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनची ऊर्जा त्याहून थोडीच जास्त ठेवली, की चारातल्या तीन इलेक्ट्रॉनांची फिरकी एकीकडे, एकाची उलट. तीनातून एक वजा, भागिले चार: म्हणजे फिरकीचे 50 टक्के ध्रुवण.

पिळाचे तसे होत नाही. 2013 साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रेषीय ध्रुवित (विद्युतक्षेत्र एकाच रेषेत डोलणारा), पण पिळलेला प्रकाश गॅलियम आर्सेनाइडवर टाकला. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांत फिरकीचा कल सापडला नाही. कडे मायक्रोमीटरांचे, स्फटिकाची एकक पेशी (पुन्हापुन्हा येणारा लहानात लहान तुकडा) 0.565 नॅनोमीटरची, तेवढ्या जागेत फेज जेमतेम बदलते. पीळ इलेक्ट्रॉनच्या एकूण गतीत जातो आणि स्फटिकाच्या कंपनांना धडकून झटकन विरतो.

(दृश्य: आरसे, ध्रुवक, क्रायोस्टॅटची खिडकी)
फसगत होते ती इथे. ध्रुवण आरशाला तिरके पडले किंवा क्रायोस्टॅटच्या (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) खिडकीच्या काचेवर ताण असला, की थोडे वर्तुळाकार ध्रुवण शिरते आणि पिळाचा परिणाम असल्याचा भास होतो. म्हणून ध्रुवक (एकाच दिशेचे ध्रुवण पुढे जाऊ देणारी गाळणी) सगळ्यांत शेवटी, नमुन्याच्या जितका जवळ बसेल तितका. मग बाकी कशालाही हात न लावता पिळाची दिशा उलटायची आणि दोन्ही मोजमापांची वजाबाकी करायची. ही वजाबाकी नसेल, तर निकालावर विश्वास ठेवू नये.

(दृश्य: फिरकीची नक्षी, संगणकाच्या पडद्यावर)
2023 साली जपानी संशोधकांनी कड्यावर जागोजागी ध्रुवणच बदलत नेले. क्वांटम विहिरीत (इलेक्ट्रॉनला कोंडून ठेवणाऱ्या अर्धवाहकाच्या अतिपातळ थरात) त्याप्रमाणे फिरकीचे वर-खाली ठसे उमटले. माहिती साठवायला त्यांचा उपयोग होऊ शकेल. ठसे किती वेळा आलटून-पालटून येतात, ते पिळाची संख्या ठरवते.