सह्या तिघांच्या, फी एकटीची

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. सकाळचे पोहे झालेच असतील, आणि वर जिरावन मसाला नसेल तर ते पोहे मी धरत नाही, असो. आजचा विषय एकट्या आईने किंवा बापाने चालवलेलं घर, सिंगल पॅरेंट म्हणतात ते.

परंपरावादी समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की बाप घरात नसला की पैसा कमी, वचक कमी. १९६५ साली अमेरिकेत डॅनियल मॉयनिहान नावाच्या सरकारी माणसाने रिपोर्ट लिहिला, की शहरातल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत कुटुंबं मोडतायत आणि गरिबी त्यातून पुढे चालते. केवढा गदारोळ झाला, गरिबांवरच खापर फोडलं म्हणून! आणि या मॉयनिहानचा स्वतःचा बाप तो लहान असतानाच घर सोडून गेलेला, बरं का. पुढे १९८४ मध्ये चार्ल्स मरे नावाचा अमेरिकन लेखक म्हणाला, सरकारी मदतीमुळेच लोकांना लग्नाची गरज वाटेनाशी झाली. मग १९९४ साली सारा मॅक्लानाहान आणि गॅरी सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तर अशा घरांतल्या मुलांच्या नुकसानातला साधारण अर्धा वाटा कमी कमाईचा निघाला. पैसा आणि वचक, एवढं लक्षात ठेवा, पैसा आणि वचक.

आता आमच्या रामबागेतल्या वाड्याची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नवरा मुंबईला जातो म्हणून गेला तो गेलाच. काकू शिवणकाम करायच्या, रात्री अकरापर्यंत मशीनची खडखड. पोरगा सहावीत गणितात नापास, प्रगतिपुस्तकावर बापाची सही हवी, आईला दाखवायची टाप नाही. गेला खालच्या नानांकडे, त्यांनी कान पिळून शाईच्या पेनाने सही केली. पोराला ती आवडली नाही, मग समोरचे अण्णा, मग मागच्या खोलीतले मास्तर, त्यांनी तर दोन तास पाढे म्हणायला लावले, आणि एकाच रकान्यात तीन सह्या! बाईंनी काकूंना शाळेत बोलावलं, म्हणाल्या, अहो याला वडील आहेत तरी किती?

वाड्यात हसून हसून पुरेवाट. हल्लीच्या फ्लॅटांत शेजाऱ्याचं नाव कळायला सुद्धा दारावरची पाटी वाचावी लागते, ते वेगळंच. नाना म्हणाले, बघा, पोराला बापांचा तोटा नाही. काकू सुईत दोरा ओवत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खरंय नाना, सहीला तिघं आहेत, फी भरायला मी एकटीच."

नाना काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. आणि पोरगा पुढच्या वर्षी पण गणितात गेलाच.