जे नाही, ते दिसतं का?

नमस्कार, श्रोतेहो. ठाणे स्टेशनच्या फलाटावर पोचलात आणि गाडी लागलेली नाही. तुम्हांला काय दिसतं? नुसते रूळ, की गाडीचं नसणंही? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, म्हणतात, नसणंसुद्धा डोळ्यांनाच कळतं. मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, छे, त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे ‘न आढळणं’, हे वेगळं प्रमाण, ज्ञानाचं वेगळं साधन, मानायला हवं.

या ‘नाही’वर तत्त्वज्ञ बिमल कृष्ण मतिलाल यांनी हार्वर्डमधून १९६५ साली पीएच.डी. मिळवली. जन्म १९३५चा, बंगालमधल्या जयनगरचा. १९५७पासून ते कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकवत होते आणि सोबतच जुन्या पंडितांपाशी नव्यन्याय, म्हणजे न्यायदर्शनाची उत्तरकालीन शाखा, शिकत होते. १९६२मध्ये तर्कतीर्थ ही पारंपरिक पदवी मिळाली आणि मग परदेशात पुन्हा विद्यार्थी. आधी पोथी पक्की, मग आधुनिक तर्कशास्त्र; माझ्या मते त्यांच्या कामाचं बळ या क्रमात आहे. पुढे टोरांटो, मग १९९१मध्ये निधन होईपर्यंत ऑक्सफर्डचं स्पाल्डिंग प्राध्यापकपद. १९८६चा त्यांचा मोठा ग्रंथ प्रत्यक्ष ज्ञानावरच आहे.

ठाणे किंवा नवी मुंबईतून भारतीय तत्त्वज्ञानाच्या या वाटेला जायचं, तर एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कलिनाला आहे. दोन्हीकडून लोकलने कुर्ल्याला उतरायचं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला एम.ए.चे ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न, ३०० गुण. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, साधारण मर्यादा सहा.

गाडी अडते ती विषयापाशी. ‘शंकराचार्य आणि कांट : तौलनिक अभ्यास’ असा आराखडा आला की मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, नेमका कोणता मुद्दा? उत्तर नसतं, कारण दोन दर्शनं घेतलेली असतात आणि शंका एकही नसते. दुसरी अडचण संस्कृतची. नुसत्या इंग्रजी भाषांतरावर न्यायशास्त्रात प्रबंध लिहिला, तर मूळ वाक्याचा अन्वय विचारला की विद्यार्थी गप्प होतो. म्हणून एक ग्रंथकार, एक प्रकरण, एक युक्तिवाद एवढंच घ्या.

सुरुवात अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून करा, सोबत त्यांचीच दीपिका टीका. पुस्तक छोटं आहे, पण पाठ होईस्तोवर वाचा. प्रागभाव (निर्माण होण्याआधीचं नसणं), प्रध्वंसाभाव (नाशानंतरचं नसणं), अत्यंताभाव (कधीच नसणं), अन्योन्याभाव (एक वस्तू दुसरी नसणं) हे अभावाचे, म्हणजे नसण्याचे, चार भेद स्वतःची उदाहरणं देऊन सांगता आले, की मग ‘मुक्तावली’ हा न्यायाचा पुढचा ग्रंथ उघडा.