घरात आलेली गिरणी

(पूर्व भाग, सकाळ. आधी मागांचा आवाज, मग चित्र.)

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस उजाडतो तो खटखटीनं. पत्र्याच्या शेडमध्ये चार माग, कुठं सहा, कुठं आठ. वर नक्षी पाडणारं जॅकार्ड, खाली ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, बीम. धोटा इकडून तिकडं पळतोय आणि चादरीवर एकेक ओळ करत मोर उमटतोय. दोन माग एकच माणूस सांभाळतो. दोरा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. जेवढा माल उतरला तेवढा पगार, म्हणून लाईट गेली की पगारही गेला. या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. कामाची पाळी बहुतेक न बोलताच संपते.

ही फिल्म आत्महत्येबद्दल आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गेलेल्या कुणाचं घर यात दिसणार नाही, फोटो दिसणार नाही, रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर धरलेला माईक दिसणार नाही. कुणी काय केलं हेही आम्ही सांगणार नाही. आम्हाला दाखवायचंय ते त्याच्या कितीतरी आधीचं, रोजचं.

(आकडे पडद्यावर.)

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल बघा. २०१७ मध्ये देशात दर लाख लोकसंख्येमागे ९.९ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२२ मध्ये हा आकडा १२.४ वर गेला. त्या एका वर्षात १,७०,९२४ माणसं गेली, आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर महाराष्ट्र, २२,७४६. देशभरातल्या या माणसांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवर जगणारी होती. शेतकऱ्याचं मरण निदान विधानसभेत तरी पोचतं. रोजंदारीवाल्याचं तिथवर क्वचितच जातं.

त्याच अहवालात कारणांचा तक्ता आहे. पहिल्या क्रमांकावर कौटुंबिक समस्या, ३१.७ टक्के. त्याखाली आजारपण, १८.४ टक्के. कर्ज, बेकारी, गरिबी हे रकाने बरेच खाली, लहान लहान. हा तक्ता वाचून वाटतं की माणसं घरातल्या भांडणापायी जातात. कागदावर 'घरगुती कारण' लिहिलं की बाहेरचे सगळे सुटले. आम्हाला हे पटत नाही. भांडण घरात झालं, खरंय. पण घरात आलं कुठून? सोलापुरात तरी या प्रश्नाचं उत्तर शोधायला गिरणीपासून सुरुवात करावी लागते.

(जुन्या मिलचं आवार. वाढलेलं गवत, दगडी भिंत. मग चार हुतात्मा चौक.)

इथली पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. लोक तिला जुनी मिल म्हणतात. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. निजामाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकरांची कुटुंबं आली. कानडी बोलणारी आली, मराठी, उर्दू बोलणारी आली, आणि गिरणीच्या एका खात्यात, म्हणजे विभागात, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. भोंगा झाला की चुली पेटायच्या, भोंगा झाला की पोरं शाळेला निघायची. १९३० मध्ये हेच शहर इंग्रजांविरुद्ध उठलं, इथं मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हुतात्मा झाले. चार नावं, चार वेगळी घरं. असं शहर होतं हे.

गिरणीची आरती आम्हाला ओवाळायची नाही. तिथं कष्ट अमाप होते, कापसाची धूळ छातीत जायची. पण गिरणीत खातं होतं, खात्यात सोबती होते. पाळी सुटली की चहाचा गाडा होता, युनियनचं ऑफिस होतं, चाळीत भजन होतं. एखादा चार दिवस दिसला नाही की कुणीतरी घरी जाऊन कडी वाजवायचं. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. भोंगे थांबले, चाळी राहिल्या.

काम मात्र थांबलं नाही, ते गल्लीत शिरलं. माग शेडमध्ये गेला, घराच्या मागच्या खोलीत गेला. युनिफॉर्मची शिलाई माळ्यावर गेली. आणि विडी तर आधीपासून घरातच होती. गिरणीची भिंत पडली आणि गिरणी घरात आली, असंच म्हणावं लागेल. फक्त खातं आलं नाही, सोबती आले नाहीत, ठरलेला पगार आला नाही.

दुरखाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये मांडलं होतं की आत्महत्येच्या प्रमाणाचा संबंध समाजाच्या बांधणीशी असतो. माणसाला धरून ठेवणारी नाती सैल झाली, जगण्याची घडी एकाएकी विस्कटली, की हे प्रमाण वाढतं. एकेका माणसाच्या मनात काय चाललंय हे या मांडणीतून कळत नाही. पण एखाद्या शहराकडं बघायला तिचा उपयोग होतो.

(घरातला उजेड. सूप, पानं, हात. इथं निवेदन सावकाश.)

आता हे हात बघा. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सकाळी पान मऊ पडतं. त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं. कापलेलं पान डाव्या हातात, तंबाखूची चिमूट उजव्या हातात. पान वळायचं, वरचं तोंड दाबून मुडपायचं, खाली दोऱ्याचे दोन वेढे. एक विडी झाली. यात काही सेकंद गेले. अशा हजार विड्या म्हणजे एक दिवस. मांडीवर सूप, सुपाला टेकलेलं लेकरू, चुलीवर भात. पाठ दुखते म्हणून विडी वळणाऱ्या अक्का भिंतीला टेकून बसतात, मग वाकून वाकून पुन्हा पुढं येतात.

संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. तिथला माणूस विड्या तपासतो. एखादी सैल, एखादीचं पान फाटकं, ती छाटमध्ये. छाट गेलेल्या विडीचे पैसे नाहीत, तंबाखू आणि पान मात्र हिशोबात धरलेलं. पान खराब आलं तर पुरं पडत नाही, मग कमी पडलेलं पान पदरचे पैसे घालून आणायचं. या शहरात हजारो बायका हे काम करतात, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. विडी कामगारांच्या कल्याणासाठी विडीवर एक उपकर होता, त्यातून दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. जीएसटी आला त्या वर्षी, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला.

आता परत त्या तक्त्याकडं या. २०२२ मध्ये देशात गेलेल्यांमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास गृहिणी होत्या. दिवसभर घरात बसून विडी वळणारी बाई गेली, तर ती कुठल्या रकान्यात पडेल? घरात होती, मग गृहिणीच. आणि कारण? नवऱ्याशी भांडण. भांडण कशावरून, तर त्यानं पैसे मागितले आणि या आठवड्याचा पगार छाटमध्ये गेला होता. एवढं लिहायला रकान्यात जागा नसते.

(गल्लीत अंथरलेली सतरंजी. पासबुकं. चेहरे नाहीत.)

आणि हप्ता. मायक्रोफायनान्स कंपनी बायकांच्या गटाला देते ते कर्ज घ्यायला तारण लागत नाही, म्हणून बायका ते घेतात. पोरीचं लग्न, नवऱ्याचं ऑपरेशन, मागाची मोटर. तारण नसतं म्हणतात, पण असतं. शेजारणी हेच तारण. ठरलेल्या दिवशी सतरंजीवर सगळ्या बसतात, कंपनीचा साहेब येतो, पैसे मोजतो. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्या उठू शकत नाहीत. विड्या पडून आहेत, भात करपतोय, आणि सगळ्या तिच्याकडं बघतायत. जिच्याकडं मन मोकळं करायचं तीच शेजारीण आता वसुलीला बसलेली. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्याला तिसरं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केलेत: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. हे नियम सतरंजीवर बसलेल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असायला हवेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

एकत्र कुटुंबं मोडली म्हणून आत्महत्या वाढल्या, असं व्यासपीठावरून नेहमी सांगितलं जातं. या खोल्या बघून ते बोलावं. दहा बाय दहात तीन पिढ्या आहेत. सासू, सून, कामावरून आलेला मुलगा, अभ्यासाला बसलेली नात. माणसांची कमी नाही. रडायला कोपरा नाही. आणि कसं चाललंय म्हणून विचारलं तर एकच उत्तर, चाललंय की.

(बातमीतली दृश्यं: बँड, घोडे, फेटे.)

डिसेंबर २०२२. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर नवरदेवांचा मोर्चा. फेटे बांधलेली, घोड्यावर बसलेली तरुण मुलं, पुढं बँड. ज्योती क्रांती परिषदेनं काढलेल्या या मोर्चाची मागणी होती, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, मुलांना लग्नाला मुली मिळत नाहीत. देशभर ही दृश्यं हसत हसत बघितली गेली. आम्ही ती परत परत बघितली. बँड वाजतोय आणि घोड्यावरची पोरं कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. मोहोळ, माढा, मंगळवेढा, कुठंही जा. पस्तिशीतला शेतकरी मुलगा, घरात आई-बाप, बघायला पाहुणे येतात आणि नोकरी नाही म्हटल्यावर चहा पिऊन जातात. मुलीच्या बापाचा यात दोष नाही, त्यालाही लेकीचं बरं बघायचंय. आधी मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, मग पुरुषाची किंमत नोकरी आणि लग्न या दोनच गोष्टींवर ठरवली. पुरुष रडला तर बाईलबुद्धीचा, हे ऐकत तो वाढलेला. २०२२ मध्ये देशात गेलेल्या दर दहा माणसांत सात पुरुष होते.

त्याला उतारा म्हणून गावानं हाताशी काय ठेवलंय? दारू. शहराला लागून असलेल्या मुळेगाव तांड्यावर हातभट्ट्या लावणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून द्यायचा प्रयत्न ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये केला, 'ऑपरेशन परिवर्तन' या नावानं. बनवणाऱ्याचा विचार झाला हे चांगलंच झालं. पिणाऱ्याचाही व्हायला हवा.

(नारळी पौर्णिमा. मार्कंडेयाचा रथ, गर्दी, ढोल.)

नारळी पौर्णिमेला पूर्व भागातले माग बंद असतात. पद्मशाली समाज ज्यांना आपला मूळपुरुष मानतो त्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. घराघरांतून माणसं बाहेर येतात, म्हातारी माणसं पायऱ्यांवर खुर्च्या टाकून बसतात, तेलंगणातून पाहुणे आलेले असतात. एकमेकांना भेटायची हौस या शहराची गेलेली नाही, हे या गर्दीत दिसतं.

(कुंभारीची दृश्यं, ड्रोन. घरांच्या रांगा.)

आणि ही सोलापूरजवळच्या कुंभारीची घरं. विडी कामगार बायकांनी युनियनचा लाल बावटा घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले. तेव्हा कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. नंतर रे नगर आलं, तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. घर स्वतःच्या नावावर असणं ही काय चीज आहे ते दाराला तोरण बांधणाऱ्या या हातांना विचारा. पण आम्हाला त्याआधीचे मोर्चे महत्त्वाचे वाटतात. घरात नवऱ्यासमोर न बोलणारी बाई तिथं माईकवर बोलली. माझी छाट जास्त काढतात, माझा पीएफ भरला नाही. तिचं दुखणं तिच्या एकटीचं नाही हे तिला तिथं कळलं. मनाच्या दुखण्याबद्दल मात्र त्या माईकवर अजून कुणी फारसं बोललेलं नाही, आणि आता ते व्हायला पाहिजे.

कायदा बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला उपचार, आधार द्यायचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड विधानातलं, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम ठेवलेलं नाही. म्हणजे वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना पोलीस केस होईल म्हणून थांबायचं कारण उरलेलं नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या रोखण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं. २०३० पर्यंत प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचं, असं त्यात लिहिलंय.

ते दिल्लीत लिहिलंय. सोलापुरात करायचं ते असं. विडी कारखान्यात जिथं माल तपासतात त्या भिंतीवर, मागाच्या शेडमध्ये मीटरच्या पेटीशेजारी, आणि हप्त्याच्या सतरंजीवर उघडणाऱ्या प्रत्येक पासबुकाच्या मागच्या पानावर एक क्रमांक छापायचा. मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. युनियनच्या सभेत पगाराबरोबर याचाही विषय घ्यायचा. शेजारच्या दारातली अक्का दोन दिवस सूप घेऊन बसली नाही तर कडी वाजवायची आणि सरळ विचारायचं, जीव नकोसा झालाय का गं? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट ज्याच्या डोक्यात तो असतो त्याला बोलायला वाट मिळते. मग तिला एकटं न सोडता तिच्यासोबत दवाखान्यात जायचं.

तो क्रमांक आहे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६. सरकारी आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. मराठीतून बोलता येतं, तेलुगू आणि कन्नडमधूनही बोलता येतं. स्वतःसाठी लावा, किंवा ज्याची काळजी वाटते त्याच्यासाठी काय करावं हे विचारायला लावा.

(क्रमांक पडद्यावर. मागे मागांचा आवाज चालू ठेवावा.)