शनिवारचा फळा आणि संपलेले सेल

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरात पडून असलेल्या सेलबद्दल, बॅटऱ्यांबद्दल, बंद पडलेल्या मिक्सर-मोबाईल-चार्जरबद्दल. विषय कचऱ्याचा आहे, पण मला त्याआधी तुम्हाला आमच्या शाळेत न्यायचंय, कारण हा विषय निघाला की मला आमचा फळाच आठवतो.

माण तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि त्या दिवशी फळा काळा करायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलं असेल. गुरुजी शुक्रवारी सांगायचे, उद्या येताना प्रत्येकानं संपलेले सेल आणा, पाला आणा. मग आम्ही संध्याकाळभर घरोघर हिंडायचो, काकू सेल हाय का, आजी सेल हाय का. शाळेच्या पायरीवर ते सेल दगडानं फोडायचे, वरचा पत्रा सोलायचा, मधली कांडी काढून ठेवायची (तिच्यासाठी भांडणं व्हायची, फरशीवर रेघा मारायला ती लागायची), आणि आतली काळी भुकटी पाल्याबरोबर वाटायची. घेवड्याचा पाला, नाहीतर भोपळ्याचा. मग चिंधीच्या बोळ्यानं फळा घासायचा. कोपरापर्यंत हात काळे व्हायचे, ते हापशावर धुतले तरी रविवारच्या जेवणात नखं काळीच.

एका शुक्रवारी मला सेल मिळेनात. माझ्या आधीच पोरांनी सगळी आळी पिंजून काढलेली. आणि खुंटीला आबांची बॅटरी लटकत होती. बॅटरी म्हणजे टॉर्च हो, आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल म्हणतात. तीन सेलची लांबडी बॅटरी. मी मागचं झाकण फिरवलं, तिन्ही सेल काढले, झाकण लावून परत खुंटीला अडकवली आणि सेल दप्तरात टाकले. तिसरीत होतो मी.

त्या रात्री लाइट बाराला येणार होती. गव्हाला पाणी होतं, आबा दारं धरायला निघाले. शेतकऱ्याला रात्रीचीच लाइट का देतात हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा आणि आजही पडतो, रात्री साप-विंचवातनं माणसानं चालायचं आणि दिवसा झोपायचं हा काय न्याय झाला, असो. आबांनी ओसरीवरनं बटण दाबलं, उजेड नाही. हलवली, आपटली, उजेड नाही. पाणी तर सोडायलाच पाहिजे होतं, मग तसेच गेले, अंधारात, काठी आपटत. माझी आई उजाडेपर्यंत अंगणात बसून होती. मी गोधडीत जागा होतो आणि माझ्या तोंडातनं शब्द निघाला नाही.

आबा सकाळी आले, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. मला मारलं नाही. मी शाळेतनं आल्यावर सेल कुठं हायत एवढंच विचारलं. शाळा सुटेपर्यंत सेल फोडून झालेले होते, म्हणून सोमवारी ते माझ्याबरोबर शाळेत आले, फळ्यासमोर उभे राहिले, त्यावरनं बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि म्हणाले, "ह्यात माझं तीन सेल हायत व्हय." मग मला म्हणाले, "आधी बघायचं संपलंय का. आन् संपलंय म्हटल्यावर घरात ठिवायचं न्हाई, लगीच दिऊन टाकायचं."

आधी बघायचं, आणि संपलं की देऊन टाकायचं. मंडळी, मला आजच्या विषयात सांगायचं ते एवढंच आहे. आबांचं तसंच चालायचं. टॉर्चमध्ये मंद झालेला सेल ते भिंतीवरच्या घड्याळात टाकायचे, तो तिथं अजून काही महिने चालायचा, कारण घड्याळाला करंट लागतो तो अगदी थोडा. तुम्हीही करून बघा.

आता त्या फळ्यात आरोग्याच्या दृष्टीनं काही बरं नव्हतं हे मी स्पष्ट सांगतो. ती भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन, पूर्वीच्या सेलमध्ये थोडा पारासुद्धा असायचा, आणि आम्ही ती नाकातोंडात घेतली. आज कोणी पोरांना सेल फोडायला देऊ नका. पण आमच्या गावात उकिरड्यावर एक सेल सापडायचा नाही हो! कारण कोणीतरी मागायला यायचं. आज आपल्याकडे सेल मागायला कोणी येत नाही, म्हणून तो ओल्या कचऱ्यात जातो. इन्व्हर्टरची बॅटरी बघा, ती कधी कचऱ्यात दिसते का? नाही, तिच्या आतल्या शिशाला भाव आहे, दुकानदार जुनी घेतो आणि नवीवर पैसे कमी करतो.

तर मागणारा नसेल तर आपण जमवायचं. घरात एक प्लास्टिकची झाकणाची बरणी ठेवा, पत्र्याचा डबा नको. मोबाईल, पॉवर बँक, खेळण्यातली ती चपटी बॅटरी ह्या बहुतेक लिथियमच्या असतात, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. का, तर टोकं एकमेकांना किंवा धातूला लागली की शॉर्ट होतं आणि आग लागते. घंटागाडीत टाकलेली बॅटरी दाबली गेली तरी तेच. परत सांगतो, चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका. फुगलेल्या मोबाईलला टोचू नका, चार्जिंगला लावू नका. आणि बटणासारखे छोटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर अन्ननलिका आतून जळते, लगेच दवाखाना गाठायचा.

सीएफएल दिवा आणि जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका, पुठ्ठ्यानं काचा गोळा करा.

मोठ्या वस्तूंचं म्हणाल तर आधी दुरुस्ती. मिक्सर दुरुस्त करणारा माणूस अजून प्रत्येक बाजारपेठेत बसलेला आहे, त्याच्याकडे जा, ती कला टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुरुस्त होतच नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, बॅटऱ्यांचे वेगळे नियम २०२२ मध्ये आले, आणि दोन्हींत माल बनवणाऱ्या कंपनीवर जुन्या मालाची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून दुकानात नवीन घेताना विचारा, जुनं कुठं द्यायचं? विचारा हो, लाजू नका. उघड्यावर काय होतं माहिताय? तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवतात. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ह्याच कामासाठी ओळखलं जातं, आणि तो धूर तिथली पोरं घेतात, आमच्यासारखीच, काळ्या हातांची.

मोबाईल देताना सिम, मेमरी कार्ड काढा, फोन रिसेट करा.

आमच्या सोसायटीत जिन्याखाली मी पाण्याचा एक जुना जार ठेवलाय, त्यावर नुसतं 'सेल' असं लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी परवा दोन सेल घेऊन आली, रिमोटमधले. मी तिला विचारलं, संपलेत का बघितलंस? ती परत वर गेली, घड्याळात घालून बघितले. एक चालला. एक जारात पडला.

आज हा कार्यक्रम संपला की कपाटातली टॉर्च काढून झाकण फिरवून बघा. आतला सेल पाझरला असेल, पांढरी-तपकिरी बुरशीसारखी पूड दिसेल, तर नुसत्या हातानं धरू नका, कागदात धरून काढा. नमस्कार.